नुसतं थांबण्याचे एकवीस दिवस

गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मांजरसुंब्याच्या चौकात बीडच्या बसची वाट पाहत उभा असताना तू अचानक खाली बसलास. ढाब्यावरच्या माणसाने पाणी आणून दिलं. तू पेला हातात घेतलास, प्यायला नाहीस. दहा पंचवीसला तू गेलेला होतास. डॉक्टरांनी हृदयविकार असं कारण लिहिलं आहे. त्याबद्दल मला शंका नाही. बाकी बऱ्याच गोष्टींबद्दल आहे, नवनाथ, आणि त्या गोष्टींमध्ये तूही येतोस.

तुझा जन्म, शिक्षण, नोकऱ्या हे इथे लिहीत नाही. ते शुक्रवारच्या अंकात सात ओळींत आलं. मीच लिहिलं होतं. त्यात मी तुला 'बांधकाम क्षेत्रात कार्यरत' असं म्हटलं. तू वाचलं असतंस तर चिडला असतास. तू बांधकाम करत नव्हतास. कोणतं काम कधी सुरू होणार, कशानंतर होणार, किती दिवस चालणार आणि उशीर झाला तर त्याची झळ पुढे कुठवर पोचणार, हे तू संगणकावर मांडत होतास. बीडमधल्या एका कंत्राटदाराच्या कार्यालयात हे काम करणारा तू एकटाच. बाकीचे तुला शेड्यूलवाला म्हणत.

आपली ओळख संशयातूनच झाली. एका पुलाचं काम रखडलं होतं आणि मी बातमीसाठी तुमच्या कार्यालयात आलो होतो. अण्णा, म्हणजे तुमचे कंत्राटदार, बाहेरगावी होते. निदान मला तसं सांगण्यात आलं. तू आतल्या खोलीतून आलास, लॅपटॉप माझ्याकडे वळवलास आणि म्हणालास, "उशीर कावून झाला ते सांगत न्हाई, दाखवतो. सांगताना माणूस लबाडी करतो." पडद्यावर डावीकडे कामांची यादी होती, उजवीकडे आडव्या पट्ट्या, आणि एका पट्टीतून दुसरीकडे जाणारे बाण. काही पट्ट्या लाल होत्या. लाल म्हणजे जिथे एक दिवस वाया गेला की शेवटची तारीख एक दिवस पुढे गेलीच. बाकीच्या पट्ट्यांना थोडी ढील होती. पुलाच्या बाबतीत लाल पट्टी तुमच्याच कार्यालयातून जात होती. लोखंड मागवण्याचा कागद अडीच आठवडे अण्णांच्या टेबलावर सहीविना पडून होता.

मी ते छापलं. तुझी नोकरी कशी टिकली हे मला आजही नीट माहीत नाही. कंत्राटदाराचा माणूस आपणहून खरं कशाला दाखवेल, यात काहीतरी डाव असणार, असं मी धरून चाललो होतो. दोन वर्षं मी तो डाव शोधत होतो. त्यासाठी तुझ्याकडे येत राहिलो, चहा पीत राहिलो. डाव सापडला नाही. तोवर येण्याची सवय लागली होती.

त्या चहाच्या वेळांत तू मला तुझं काम शिकवलंस. "कामाचे तुकडे कर. तुकडा असा पायजे की तो झाला का, याचं उत्तर हो नायतर न्हाई. होत आलंय, हे उत्तर न्हाई." एका तुकड्याला एकच माणूस; दोन नावं लिहिली की तो कुणाचाच नसतो. दर शनिवारी तारखा भरायच्या, त्याही झालेल्या, आपल्याला हव्या असलेल्या नाही. ठरलेली तारीख आणि झालेली तारीख दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि ठरलेली कधी पुसायची नाही, कारण ती पुसली की आपण किती चुकलो हे कळायचा रस्ताच बंद होतो. आमच्या दिवाळी पुरवणीचं काम तू असंच मांडून दिलंस. संपादकांच्या लेखापुढे तू पाच दिवसांची ढील ठेवली होतीस. मी विचारलं तर म्हणालास, "मोठी मानसं हायती." त्या वर्षी पुरवणी पहिल्यांदा वेळेवर निघाली. संपादकांनी श्रेय छापखान्याला दिलं.

आपला वाद होता तो वेगळाच. तू म्हणायचास, हे सॉफ्टवेअर कोणी, कधी, काय बदललं हे आपोआप टिपून ठेवतं, म्हणून माणूस सरळ वागतो. मी म्हणायचो, टिपलेलं कोणी वाचतच नसेल तर सरळ वागण्याचं कारण काय? "तू वाच की मग," असं एकदा तू म्हणाला होतास. वाद तिथेच राहिला.

तुझ्या प्रत्येक शेड्यूलमध्ये एक पट्टी अशी असायची की तिच्यात कुणीच काही करत नसे. तिचं नाव तू 'नुसतं थांबणं' असं ठेवलं होतंस. स्लॅब भरल्यावर त्याच्या खालचे टेकू न काढता जे दिवस जाऊ द्यायचे, ते दिवस. अण्णांना ही पट्टी डोळ्यांसमोर नको असे. एकदा माझ्यादेखत त्यांनी विचारलं, "हितं कुनी काम करत न्हाई, मग ही पट्टी कावून बे?" तू पडद्यावरून नजर न काढता सांगितलंस, "अण्णा, हितं सिमेंट काम करतंय."

माझ्या बहिणीच्या लग्नाचंही शेड्यूल तू केलंस. त्यात लग्न लागणं आणि पहिली पंगत यांच्यामध्ये 'नुसतं थांबणं, दोन तास' अशी पट्टी होती. आईने विचारलं, हे काय. तू गंभीरपणे म्हणालास, "मावशी, हा रुसवा. कोन रुसनार ते म्हाईत न्हाई, पन कुनीतरी रुसनार." नवऱ्या मुलाचे मामा टोपी-टॉवेलावरून रुसले. समजूत काढायला एक तास पन्नास मिनिटं लागली. स्वयंपाक गार झाला नाही, कारण आचाऱ्याला तू वेळच तशी दिली होतीस. त्या दिवसापासून आई कुठलंही कार्य ठरवताना नवनाथला विचारा म्हणू लागली. काल तुझ्या तेराव्याला ती आली होती. पुढे लिहितो आहे त्यातलं तिला मी काही सांगितलेलं नाही.

तुला सगळ्यात जास्त अभिमान होता तो तोडीच्या कॅलेंडरचा. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये रविवार असतात, सणाच्या सुट्ट्या असतात. आपल्याकडचा गवंडी आणि मजूर दसरा झाला की ऊसतोडीला जातो आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततो, हे ते बनवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? जिल्ह्यातले इतर कंत्राटदार दर हिवाळ्यात माणसं मिळेनात म्हणून नव्याने चकित होत. तू शहादेव मुकादमाच्या टोळीसाठी वेगळं कॅलेंडर बनवलंस. शहादेव हिवाळ्यात टोळी घेऊन साखर कारखान्याला जातो आणि उन्हाळ्यात तीच माणसं तुमच्या बांधकामावर आणतो. ट्रक निघाल्यापासून टोळी परत येईपर्यंतचे सगळे दिवस तू सुट्टीचे म्हणून रंगवलेस. शहादेवला ते दाखवलंस तेव्हा त्याने पडद्यावरचे रंगवलेले दिवस बोटाने मोजले. मग म्हणाला, "सायेब, म्हंजी सहा म्हैने आमी सुट्टीवर असतो व्हय? घरी सांगतो बायकूला." तू हसलास. पुढच्या वेळी मी पाहिलं तेव्हा त्या रंगाचं नाव 'सुट्टी' नव्हतं, 'तोड' होतं.

आता त्या आठवड्याबद्दल.

नेकनूरजवळच्या एका गावाची पाणी योजना तुमच्याकडे होती. विहीर, पंपघर, जलवाहिनी, टाकी, नळ. तू जाण्याच्या दोन आठवडे आधीच्या बुधवारी मी तुझ्या टेबलाशी चहा घेत होतो. यादीतल्या शेवटच्या कामासमोर, 'गावात पाणी' या कामासमोर, एप्रिलमधली तारीख होती. आधीच्या आठवड्यात तिथे डिसेंबर होता. ते तू आणि मी एकाच वेळी पाहिलं. तू खुर्ची पुढे ओढलीस, दोन-तीन पट्ट्या उघडून पाहिल्यास. पंपघराचा स्लॅब भरल्यापासून टेकू काढेपर्यंत पाच-सहा महिने कसे जातील, असं काहीसं पुटपुटलास. मग माझ्याकडे वळलास.

"काहीतरी चुकतंय. दोन दिवस थांब बे. छापू नको."

मी विचारलं, यंत्र चुकतंय की कोणीतरी चुकवतंय?

"माझंच चुकलं असंल. दोन दिवस दे."

मी दिले नाहीत. गुरुवारच्या अंकात पहिल्या पानाच्या तळाला बातमी आली. गावाला पाणी एप्रिलमध्येच. आधार, कंत्राटदाराचंच वेळापत्रक. खाली माझं नाव. पडद्यावर तारीख होती म्हणजे तारीख होती, असं मी धरलं. त्या सकाळी तुझा फोन आला नाही. माझ्या प्रत्येक बातमीनंतर तुझा फोन यायचा.

शनिवारी पंपघराचा स्लॅब भरला. नऊ दिवसांनी, सोमवारी सकाळी आठ वाजता, शहादेवच्या टोळीने टेकू काढायला घेतले. सव्वानऊला स्लॅबचा मधला भाग खाली आला. एका गवंड्याचा पाय दोन ठिकाणी मोडला, दुसऱ्याच्या खांद्याला मार लागला. बाकीचे न्याहारीला बाहेर बसले होते म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी कारखान्याचे ट्रक आले आणि उरलेली टोळी गेली.

मंगळवारी दुपारी मी तुला फोन केला. तुझ्या शेड्यूलमध्ये पंपघराचं थांबणं एकवीस दिवसांचं होतं, हे मला माहीत होतं. ते नऊ कोणी केले, असं मी विचारलं. तू म्हणालास, "मी न्हाई." माझ्या वहीत तिथे एक आडवी रेघ आहे. मग म्हणालास, "रविवारी घरी ये. समोर बसून सांगतो." आताच का नाही, म्हटलं तर, "ये तर."

बुधवारी संध्याकाळी तू पाय मोडलेल्या गवंड्याला बघायला दवाखान्यात गेला होतास. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. तासभर स्टुलावर बसलास. काही म्हणाले का, असं मी तिला विचारलं. "न्हाई. नुसते बसले," ती म्हणाली.

गुरुवारी तू गेलास.

शनिवारी तुझी राख सावडायचा दिवस होता. त्या दिवशी कार्यालयातला माणूस घरी येऊन लॅपटॉप घेऊन गेला. चार्जर राहिला म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा आला. सोमवारी अण्णांचं पत्र पाणीपुरवठा विभागाकडे पोचलं. वेळापत्रकातला बदल दिवंगत अभियंत्याने कुणालाही न विचारता केला, कामावर त्यांनी तोंडी सूचना दिल्या, लेखी वेळापत्रक तिथे लावलेलंच नव्हतं, असा त्याचा मजकूर आहे. मी प्रत वाचली. पहिल्या वाचनात ते पत्र मला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत खोटं वाटलं. हा निष्कर्ष मी कुठलीही नोंद न पाहता काढला होता.

तुझ्या घरी सुरेखा वहिनींना पत्राचं कळलं होतं. त्यांनी मला एकच विचारलं. "भाऊजी, ते चुकले असतील तर चुकले. लबाड होते का, तेवढं सांगा."

गेल्या गुरुवारी चौकशी करणाऱ्या उपअभियंत्याने मला बदलांची नोंद दाखवली. फोटो काढू दिला नाही. तुझ्या पट्टीच्या ओळी मी वहीत उतरवून घेतल्या. शुक्रवार, स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी, दुपारी चार चाळीस: थांबण्याचे दिवस एकवीसचे नऊ, तुझ्या नावाने. चार बावन्न: छापील प्रत काढली. सोमवार, स्लॅब भरल्यावर दोन दिवसांनी, सकाळी दहा पाच: नऊचे पुन्हा एकवीस, आणि त्या पट्टीचं कॅलेंडर 'तोड' बदलून 'रोजचे', तुझ्याच नावाने. त्यानंतर छापील प्रत काढल्याची नोंद नाही.

सोमवारची ओळ वाचल्यावर मला एप्रिलचा उलगडा झाला. तोडीचं कॅलेंडर टोळीच्या कामांपुरतं लावायचं, ते तू सगळ्या योजनेला लावलं होतंस. नुसत्या थांबण्यालाही. यंत्राने सांगितलं तसं केलं. थांबण्याचे नऊ दिवस त्याने ट्रक निघायच्या आधी धरले आणि उरलेले बारा पाडव्यानंतर, टोळी परत आल्यावर. म्हणजे तुझ्या पडद्यावर सिमेंटही टोळीबरोबर कारखान्याला गेलं होतं. स्लॅब रविवारी, दिवाळीत, आसपास एकही माणूस नसताना घट्ट होतच असतो, त्याला टोळी लागत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती, कारण दुसऱ्या जिल्ह्यात ते कॅलेंडर कुणी बनवलंच नसतं.

बुधवारी तू दोन दिवस मागितलेस. सुट्टीचा रविवार धरून तुला पाचव्या दिवशी चूक सापडली.

पण शुक्रवारची ओळही तुझ्या नावाची होती. तुझा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला असायचा. मी तो पाहिलेला आहे. कार्यालयातल्या प्रत्येकाने पाहिला असणार. त्यावर मी भिस्त ठेवली आणि शहादेवला फोन लावला, कारण त्या शुक्रवारी तो ट्रकचा दिवस कळवायला कार्यालयात येऊन बसला होता. तो फडातून बोलला, मागे कोयत्यांचा आवाज येत होता.

"अण्णाच्या हातात तुमचा पेपर व्हता," तो म्हणाला. "सायबाला म्हनले, येप्रिल कुनी दाखिवला याला? ही पट्टी ट्रक यायच्या आत बसीव. सायेब म्हनले, अण्णा, एकवीस लागतेत. अण्णा म्हनले, मंग गावाला येप्रिलचं उत्तर तूच दे जाऊन. मंग केली."

कोणी केली, मी विचारलं.

"सायबानीच. मी मागंच बसलो व्हतो."

साक्षीदार एक आहे, पण वेळ नोंदीशी जुळते. म्हणजे मंगळवारी तू माझ्याशी खोटं बोललास. आणि अण्णांच्या हातातला पेपर माझा होता. वहीत ही दोन वाक्यं एकाखाली एक आहेत.

शहादेवने आणखी एक सांगितलं. टेकू काढायच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, तू त्याला फोन केला होतास. त्याने कॉलची यादी पाठवली: पाच अठरा, चार मिनिटं. "म्हनले, टेकूला हात लावू नका, नवा कागद पाठवतो. कागद काय आला न्हाई. आन सायेबच आमाला शिकवायचे की, तोंडी ऐकायचं न्हाई, दारावर दोन सह्यांचा कागद असंल तेच खरं. दारावर नऊ व्हते. ट्रक दुसऱ्या दिशी. आमी काय करावं?"

दाराचा नियम तुझाच होता. कामावरच्या गोदामाच्या दारावर चार खिळ्यांनी ठोकलेला कागद, खाली तुझी आणि अण्णांची सही. त्यावर नसलेली सूचना कुणीही केली तरी पाळायची नाही. अण्णा गाडीतून फोन करून कामं मागेपुढे करायचे, ते थांबवायला तू हा नियम आणला होतास. टोळीने तो पाळला. त्या सकाळी त्यांनी तुझाच फोन मोडीत काढला.

सोमवारी सकाळी दहा पाचला तुला चूक कळली होती. शहादेवला फोन रविवारी संध्याकाळी. मधले सहा दिवस माझ्याकडे कोरे आहेत. तू नव्या कागदावर अण्णांची सही मागितलीस आणि त्यांनी दिली नाही, की तू मागितलीच नाहीस? अण्णांना मी विचारलं. पत्रात सगळं आहे, असं ते म्हणाले. प्रिंटर चालू होता. नेकनूरकडे दिवसभर बस असतात. पडद्यावर एकवीस केले म्हणजे एकवीस झाले, असं तुला वाटलं का? माझ्या बाबतीत तसंच झालं होतं, म्हणून हा प्रश्न मला सुचतो. कदाचित रविवारी तू याचंच उत्तर देणार होतास. 'कदाचित' हा शब्द मी बातमीत वापरत नाही.

खुलासा मी लिहून दिला आहे. एप्रिल ही तारीख कॅलेंडरच्या चुकीमुळे दिसत होती, संबंधित अभियंत्याने ती तपासायला दोन दिवस मागितले होते, बातमीदाराने ते दिले नाहीत. संपादकांनी शेवटचं वाक्य काढलं. म्हणून ते इथे आहे.

परवाच्या रविवारी, तू मला बोलावलं होतंस त्याच्या पुढच्या रविवारी, मी पंपघराच्या कामावर गेलो. गोदामाला कुलूप होतं, रखवालदार गावी गेला होता. दारावर चार खिळे होते, कागद नव्हता. लेखी वेळापत्रक लावलेलं नव्हतं असं अण्णांच्या पत्रात होतं, आणि आता ते खरोखरच नव्हतं. कागद कोणी काढला असेल याबद्दल माझ्या मनात एकच नाव होतं. ते दोन दिवस टिकलं.

काल तेराव्याची माणसं गेल्यावर वहिनींनी तुझी बॅग आणून समोर ठेवली. पोलिसांनी ती परत दिली होती, लॅपटॉप न्यायला आलेल्या माणसाने फक्त पुढचा कप्पा पाहिला होता. मागच्या कप्प्यात डबा होता आणि चौपदरी घडी घातलेला मोठा कागद. चार कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं. पंपघर, नुसतं थांबणं, नऊ दिवस. खाली तुझी सही, तिच्या शेजारी अण्णांची.

तो तूच काढला होतास. मोटारसायकल गॅरेजला होती म्हणून बसने गेलास, कागद काढलास, घडी घातलीस आणि परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याला उभा होतास. अण्णांना तो कागद नकोसा असणं समजतं. पण तुलाही तो अडचणीचाच होता. 'मी न्हाई' असं म्हणून दोनच दिवस झाले होते, आणि नऊच्या खाली सही तुझी होती. माझ्या धंद्यात अशा वेळी जो पहिला तर्क करतात, तोच मी केला.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. लपवायला नेला होता का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही.

"लपवायला नेला असंल तर मी आत्ता चुलीत घालते," त्या म्हणाल्या. "त्यांची तेवढी इच्छा म्हनून. द्यायला नेला असंल तर मी जाऊन देते, मंग लोक काय म्हनायचं ते म्हनू द्या. पन भाऊजी, अंदाज सांगू नका."

कागद त्यांनी परत बॅगेत ठेवला आणि बॅग स्वतःजवळ घेतली.

आज सकाळी मी पुन्हा कामावर गेलो. रखवालदार आला होता. त्या गुरुवारी साहेब आले होते का, असं मी विचारलं. आला होतास. त्याने चहा विचारला, तू नको म्हणालास. पडलेल्या स्लॅबपाशी जाऊन उरलेल्या टेकूंमधून एक फेरी मारलीस. मग दारावरचा कागद काढायला लागलास, तेव्हा त्याने तुला हटकलं. गोदामातून खिळाही बाहेर गेला तर वहीत चढवायचा, अशी अण्णांची त्याला ताकीद आहे. साहेब असले तरी वहीत लिहावं लागेल, असं त्याने तुला सांगितलं. तू वही मागून घेतलीस. लिहून झाल्यावर कागद नीट धरून तू पायीच फाट्याकडे गेलास, असं तो म्हणतो.

वही त्याने मला उघडून दाखवली. जावकच्या पानावरच्या इतर सगळ्या नोंदी त्याच्या अक्षरात आहेत. एक तुझ्या अक्षरात आहे.

"गुरुवार, सकाळी ९.१०. दारावरचे वेळापत्रक, १ नग. कोठे: उपअभियंता कार्यालय, बीड, चौकशीत देण्यासाठी. नेणार: नवनाथ." त्यापुढे सही.

त्या पानाचा फोटो मी वहिनींना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी तो कागद पाणीपुरवठा विभागाच्या बीड इथल्या उपअभियंता कार्यालयात जमा झाला. पोच सुरेखा वहिनींच्या नावाची आहे.